पाण्यातला बाळकृष्ण

चंद्रपूरहून निघताना माझ्याजवळ एक छोटी बॅग आणि आईच्या फ्लॅटची किल्ली होती. येताना किल्लीही नसेल, तेव्हा परतीचा प्रवास आणखी हलका, अशी माझी समजूत. बदलापूरला जायचं, बेलवलीतला दोन खोल्यांचा फ्लॅट नव्या मालकांच्या हवाली करायचा, शेजाऱ्यांचे आभार मानायचे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कल्याणहून परतीची गाडी धरायची. आई नोव्हेंबरात गेली. तिचं दिवसकार्य तेव्हाच झालं. भांडीकुंडी आणि देव्हाऱ्यातले टाक चुलतभावाने नेले. फेब्रुवारीत मागे राहिलं होतं ते फक्त दाराचं कुलूप, असं मी धरून चालले होते.

सकाळी कल्याणला उतरून बदलापूरची बस घेतली. हा रस्ता आमच्याकडच्या वाचकांना कसा समजावून सांगावा? चंद्रपूरहून वरोऱ्याकडे जाताना एक गाव संपतं, मग शेतं लागतात, मग दुसरं गाव येतं. इथे तशी काही शिस्त नाही. उल्हासनगर कुठे संपलं आणि अंबरनाथ कुठे सुरू झालं हे दुकानांच्या पाट्यांवरचे पत्ते वाचूनच कळतं. फर्निचरची दुकानं, जीन्स शिवणारे गाळे, लग्नाचे हॉल, पुन्हा फर्निचर. अंबरनाथच्या कारखान्यांपाशी नाकाला झोंबणारा एक वास आला. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, त्यामुळे वासाला नाव दिल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण नाव सुचेपर्यंत बस पुढे गेली होती आणि उजवीकडे लांबवर मलंगगडाचे सुळके दिसू लागले होते.

लग्न होईपर्यंत मी याच पट्ट्यात राहिले, विठ्ठलवाडीच्या चाळीत. आई प्राथमिक शिक्षिका होती. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूला जंगलाला लागून ठाकरांचा एक पाडा (आदिवासी वस्ती) आहे. तिथल्या शाळेत तिची निम्मी नोकरी गेली. निवृत्तीनंतर ती बेलवलीला राहायला आली, कारण काय तर तिथून पाडा जवळ पडतो. देवभोळी हा शब्द तिला लागू पडायचा नाही, भोळेपणा तिच्यात औषधालाही नव्हता. देवावर तिची पूर्ण श्रद्धा होती आणि देवाने त्या श्रद्धेला साजेसं वागावं अशी अपेक्षाही होती. सकाळी तिची पूजा चालायची, मग शाळेची पिशवी भरायची, आणि तोवर मी फणी हातात धरून वेणीसाठी उभी असायचे. तिच्या बोटांना चंदनाचा वास यायचा. देव, शाळा आणि मग मी, असा आमच्या घरातला क्रम होता. मी कधी तक्रार केली नाही, पण क्रम माझ्या लक्षात होता.

मंगलावहिनी आईच्या समोरच्या दारात राहतात. त्यांनी पोहे दिले, चहा दिला, आईच्या शेवटच्या आजारपणाची मला ठाऊक असलेली हकीकत पुन्हा सांगितली आणि मग आतून झाकण ठेवलेलं एक पातेलं आणून माझ्यापुढे ठेवलं.

"हे तेवढं तुमचं राहिलंय," त्या म्हणाल्या.

झाकण काढलं. पाण्याच्या तळाशी आईचा बाळकृष्ण होता. पितळेचा, रांगणारा, एका हातात लोण्याचा गोळा. आईच्या लग्नात तिच्या माहेराहून तिच्याबरोबर आलेला.

"हा पाण्यात कसा?"

"बाईंनीच ठेवलाय. दिवाळीच्याही आधी. दवाखान्यात निघाल्या तेव्हा मला म्हणाल्या, मंगल, तेवढं पाणी बदलत राहा, मी आले की बघते." वहिनींनी पदराने पातेल्याची कड पुसली. "त्या काय परत आल्या नाहीत. मी आपली बदलत राहिले. दिवसांच्या गडबडीत तुम्हाला सांगायचं राहिलं."

देव पाण्यात ठेवण्याची रीत आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. एखादं मागणं जिवाशी आलं की देवाला देव्हाऱ्यातून उचलायचं आणि पाण्यात ठेवून द्यायचं. मागणं पुरं झालं की दुधामधाने आंघोळ घालून पुन्हा जागेवर बसवायचं. तोवर बाहेर काढायचं नाही. देवाची अडवणूकच ती, पण घरच्या माणसाने केलेली.

"कशासाठी ठेवला होता?" मी विचारलं.

"ते नाही बोलल्या. पण तुमच्यासाठीच असणार हो. आई दुसऱ्या कुणासाठी ठेवील?"

गेल्या वर्षी माझं एक ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, तरी डॉक्टरांनी या मार्चमध्ये पुन्हा एक तपासणी सांगितली होती. वहिनींच्या मनात तेच होतं. माझ्याही मनात तेच आलं, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटण्याऐवजी बरं वाटलं. आईने माझ्यासाठी देवाची अडवणूक केली होती. ऐकायला किती छान वाटतं!

देव वहिनींकडेच राहू दे, असं मी सुचवून पाहिलं. पण मुलीच्या बाळंतपणासाठी त्या संध्याकाळीच नाशिकला निघाल्या होत्या. मग बाहेर काढून कापडात गुंडाळून नेते, असं म्हणताच त्यांनी पातेल्यावर हात आडवा धरला. "छे छे! मागणं काय ते कळल्याशिवाय काढायचा कसा? मी तर हात लावणार नाही." चंद्रपूरला सासूबाईंना फोन केला. त्या घरातल्या सगळ्या देवांच्या कारभारी. "काढू नको वं शैला," त्या म्हणाल्या. "कोणाचं काय अडलं असंल त्या बाईनं मनात धरलेलं, ते मोडायचं का आपण? आधी विचार कोणाला तरी, मंग काय ते कर."

मी देव मानत नाही. पितळ पाण्यात राहिलं की हिरवं पडतं, एवढंच मला त्या पातेल्याकडे बघून खात्रीने सांगता आलं असतं. पण आईने शेवटचं काय मागितलं आणि कुणासाठी, हे मला हवं होतं. ते कळल्याशिवाय मी बदलापूर सोडणार नव्हते.

वहिनींनी घट्ट झाकणाचा एक डबा दिला आणि पाणी बदलायची पद्धत दाखवली. डबा तिरका करायचा, एका बाजूने जुनं पाणी जाऊ द्यायचं आणि दुसऱ्या बाजूने नवं सोडायचं. देवाच्या डोक्यावरून पाणी उतरता कामा नये. मग म्हणाल्या, "उल्हासनगरच्या कविताला विचारा. तिचा रोज फोन यायचा बाईंना." दुपारी नवे मालक आले, भिंती ठोकून बघितल्या, किल्ली घेतली. मी दारातून मागे वळून पाहिलं तर आत काहीच नव्हतं, देव्हाऱ्याच्या जागी भिंतीवर तेलकट काजळी तेवढी होती.

डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसायची हिंमत झाली नाही, म्हणून रिक्षा केली. झाकण घट्ट आहे हा वहिनींचा गोड गैरसमज होता. अंबरनाथच्या अलीकडच्या खड्ड्यात डबा असा उसळला की माझी साडी, सीट आणि खालचं पायपुसणं सगळं ओलं झालं.

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "मॅडम, पानी गिर रहा है. मच्छी है क्या?"

"नाही," मी म्हटलं. "देव आहे."

त्याने आरसा जरा खाली वळवून डब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "फिर ठीक है," आणि पुढच्या प्रत्येक गतिरोधकावर त्याने रिक्षा अशी अलगद चढवली की मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गजर मांडला. डब्यात पाणी किती शिल्लक आहे ते पाहिलं तर बाळकृष्णाचं डोकं उघडं पडायच्या बेतात. मी माझ्या बाटलीतलं प्यायचं पाणी त्याच्यावर ओतलं. उल्हासनगरपर्यंत मी तहानलेली राहिले, तो मात्र मजेत होता.

कविता माझ्याहून थोडी मोठी. उल्हासनगरच्या बाजारात तिचं पापड-लोणच्यांचं दुकान आहे आणि दुकानावरच घर. आम्ही विठ्ठलवाडीला होतो तेव्हापासून आई संध्याकाळी सिंधी मुलांना मराठी शिकवायची. शाळेत मराठी सक्तीची आणि घरात कुणाला येत नाही, म्हणून आमच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर दाटीवाटीने पोरं बसलेली असायची. माझ्या लग्नानंतर त्यात कविताचा मुलगाही होता.

सिंध्यांच्या घरी पाहुण्याला आधी भाजलेला पापड आणि पाणी देतात. बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाला मीठही मिळतं आणि पाणीही. ही पद्धत चंद्रपूरने ताबडतोब उचलावी. पापड खाता खाता मी डबा उघडून दाखवला. कविताने हात जोडले.

"अरे, ये तो टीचरवाले कान्हाजी! माझ्या रोहितच्या टाइमला पण असेच पाण्यात होते. दहावीत मराठीमध्ये दो बार लटकला ना तो. मैं तो रोती थी. टीचर बोलली, रडू नको, याला बसवते पाण्यात."

"मग?"

"मग काय, पास झाला! मी पेढे घेऊन गेले. टीचरने मेरे सामने कान्हाजी को निकाला, पुसलं, और बोली, कविता, आधी खडीसाखर दे, आज याने अभ्यास केला."

मला हसू आलं. हे अगदी आईचंच बोलणं होतं. शाळा सुटल्यावर धडा पुरा होईपर्यंत ती जशी पोरांना थांबवून घ्यायची, तसं तिने देवालाही थांबवून घेतलं होतं. पण आई हे असं करायची हे मला माहीत नव्हतं. मी लग्न होऊन गेल्यानंतर तिचे हे उद्योग वाढलेले दिसत होते. कुणाची नोकरी, कुणाची सोयरीक, कुणाच्या नवऱ्याची दारू, कविता एकेक सांगत होती. शेवटचं मागणं मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.

"तुम्हारे लिए ही होगा, दीदी," ती म्हणाली. "सबके लिए रखती थी, तो तुम्हारे लिए कितनी बार रखा होगा, सोचो."

मी विचार करायला लागले. माझी चंद्रपूरची नोकरी, ऑपरेशन, आता ही मार्चमधली तपासणी. चंद्रपूरला बसून मला काही कळलं नसेल, पण इकडे दर वेळी बाळकृष्ण पाण्यात बसला असेल. मला ते फार आवडलं.

रात्री तिच्याकडेच राहिले. सकाळी नाश्त्याला दाल-पकवान होतं (पकवान म्हणजे मैद्याची कडक तळलेली पुरी, ती मोडून हरभऱ्याच्या डाळीबरोबर खायची). खाताना कविता म्हणाली, "एक बात मुझे कभी समझ में नहीं आई. पाण्यात ठेवून भगवानला त्रास कसा होणार? आमचे झूलेलाल तर पाण्यातलेच. पानी तो उनका घर है."

मी पकवानाचा आणखी एक तुकडा मोडला. तिने पुढचा उपायही सुचवला. त्यांच्यात बहराणो असतो, म्हणजे थाळीत कणकेचा दिवा, खडीसाखर, फळं घेऊन गात गात नदीवर जायचं आणि सगळं पाण्यात सोडायचं. तसंच बाळकृष्णाला मोठ्या पाण्यात सोडू, म्हणजे तो त्याच्या घरी आणि मी माझ्या घरी. ती हे इतक्या प्रेमाने बोलत होती की तिने दिव्यासाठी कणीकही मळायला घेतली. मी तिला कसंबसं थांबवलं. आईने ज्या कामासाठी त्याला बसवलं होतं ते सोडून त्याला घरी जाऊ दिलं असतं, तर आई माझ्यावर रागावली असती. गेलेल्या माणसाच्या रागाची भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं. कविताने डब्याला बाहेरून प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून दिली आणि म्हणाली, "सोमवार आहे. अंबरनाथला शंकराकडे जा. टीचर हर सोमवार वहीं जाती थी."

अंबरनाथचं शिवमंदिर फार जुनं आहे, काळ्या दगडाचं, बाहेरून सगळं कोरीव. शेजारून वालधुनी नदी वाहते, कारखान्यांचं पाणी पोटात घेऊन. तिच्याविषयी मी इथे काही लिहीत नाही, कारण लिहायला लागले तर प्रवासवर्णनाचा अहवाल होईल. गाभारा जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. वरच्या उन्हातून खाली गेलं की अंधार, गारवा, ओला दगड आणि बेलाच्या पानांचा वास. चपला बाहेर काढल्या होत्या, डबा छातीशी धरला होता. पुढच्या बाई पिंडीवर पाणी घालत होत्या आणि पुटपुटत होत्या. आई इथे उभी राहून काय पुटपुटत असेल ते मला ऐकायचं होतं. तिला जाऊन तीन महिने झाले होते आणि मी व्यवस्थित होते, कामावर जात होते, जेवत होते. तिथे मला एकदम तिची फार आठवण आली आणि मागच्या माणसाने "चला ताई, पुढे चला" म्हणेपर्यंत मी हललेच नाही.

वर आल्यावर पुजाऱ्यांना डबा दाखवला. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि झाकण परत लावलं. "पाण्यातला देव आम्ही ठेवून घेत नाही," ते म्हणाले. "ज्याचं मागणं त्याने निस्तरायचं. तुमच्या आई यायच्या दर सोमवारी, पण माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. थेट त्याच्याशीच बोलायच्या."

फाटकाबाहेर फुलं विकणाऱ्या मावशींना मात्र पुष्कळ माहीत होतं. "बाई म्हणजे त्या चष्मेवाल्या ना? त्या माझ्याकडून बेल नाय घ्यायच्या. पाड्यावरची हिरा जंगलातनं ताजा बेल आणायची त्यांच्यासाठी. दोघी तिकडं झाडाखाली बसून बोलत बसायच्या. शेवटी शेवटी तर लय बोलायच्या." मावशींचा त्या बेलाबद्दलचा राग अजून गेलेला नव्हता. मी त्यांच्याकडून हार घेतला, तेव्हा कुठे त्या थोड्या निवळल्या आणि पाड्याची वाट नीट सांगितली.

बदलापूरला परत आले. तिथून पुढे प्रवासी जीपमध्ये जागा मिळाली. सोनिवलीकडच्या नव्या इमारती, त्यांच्या गॅलरीत वाळणारे कपडे, पुढच्या इमारतींचे नुसते सांगाडे, हे सगळं मागे पडलं आणि मग कापणी झालेली भाताची खाचरं (बांध घातलेली लहान शेतं) लागली. मुख्य रस्त्यावर खडी वाहणारे डंपर एकामागोमाग एक धुरळा उडवत होते. जीपवाल्याने पाड्याच्या फाट्यावर उतरवलं. तिथून चालायचं. पळसाला फुलं आली होती. आई तरुणपणी ही वाट रोज चालायची. मी लहानपणी एकदाच आले होते आणि पाय दुखतात म्हणून रडले होते, असं ती सांगायची.

शाळा पाड्याच्या तोंडाशीच आहे. एक खोली, पुढे ओटा, भिंतीवर रंगवलेली बाराखडी. आतून मुलांचा पाढ्यांचा आवाज येत होता. फार मुलं नसावीत, एकेकाचा आवाज वेगळा ऐकू येत होता. ओट्याच्या कडेला एक बाई तांदूळ निवडत बसली होती. माझ्याकडे बघून ती उठली.

"बाईंची पोर ना तुमी?" ती म्हणाली. "चाल बाईंचीच हाय."

ती हिरा. आईच्या तिथल्या पहिल्या वर्गातली. आता मुलांसाठी शाळेतला भात-आमटी तीच रांधते आणि शाळेच्या समितीची अध्यक्षही तीच आहे. मी काही बोलायच्या आधीच तिचं लक्ष डब्याकडे गेलं.

"देव हाय ना त्यात? अजून पान्यातच?"

"तुला ठाऊक आहे? कशासाठी ठेवलाय आईने?"

"आमचे शालेसाठी," हिरा म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. पाड्यावरची निम्मी कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर जातात, शाळेतली मुलं कमी झाली. एवढ्या कमी मुलांसाठी शाळा चालवायची नाही, मुख्य रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत मुलांनी जायचं, असं वरून कळवलं होतं. "रस्त्यानं ते डंपर बघितलेत ना? बारकी पोरं जायची कशी? नाय जानार. घरी बसतील, झालं." आई तेव्हा आजारीच होती. तरी पाड्यावरच्या बायांना घेऊन ती कार्यालयात गेली. साहेब म्हणाले, जूनपर्यंत बघू. "भाईर आल्यावर बाई जिन्यावर बसल्या, त्यांना दम लागलेला. म्हनल्या, हिरे, हाफिसातल्या सायबाला सांगून झालं, आता घरच्या सायबाला सांगते. आन् त्याच दिवशी ठेवला देव."

मी ओट्यावर बसले. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. दोन दिवस मी तो डबा मांडीवर घेऊन फिरत होते, माझ्या वाट्याचं पाणी त्याला घालत होते, आणि माझी पक्की खात्री झाली होती की आईचं शेवटचं मागणं मीच आहे. शाळाच निघाली! ती मरतानाही शिकवत होती आणि मी अजून फणी घेऊन उभी होते. आतली मुलं बाराचा पाढा म्हणत होती, त्यांचाही मला राग आला. त्यांचा काय दोष?

हिराने घरून जेवण आणलं, तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण. मी भाकरीचे नुसते तुकडे करत बसले. शेवटी मी विचारलंच. पन्नाशीच्या बाईने असं विचारू नये, पण विचारलं.

"माझ्यासाठी कधी ठेवला होता का गं? तुला काही बोलली? माझं ऑपरेशन होतं गेल्या साली."

हिराने माझ्या ताटात आणखी कालवण वाढलं. "नाय ठेवला," ती म्हणाली. "मीच बोलले त्यांना तवा. बाई, सगल्यांसाठी देव पान्यात ठेवता, पोरीचं एवढं ऑपरेशन, तिच्यासाठी ठेवा की. तर गप झाल्या. कवाच अशा गप नाय व्हायच्या. मंग म्हनल्या, हिरे, शालेचं नाय झालं तर मी त्याच्याशी भांडेन. कुनाच्या नोकरीचं नाय झालं तर भांडेन. पन पोरीचं मागितलं आन् तो नाय म्हनला, तर मंग मी पूजा कुनाची करू?"

भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. मग मी रडले. नोव्हेंबरात जे राहून गेलं होतं ते सगळं त्या ओट्यावर रडले. हिराने मला थांबवलं नाही. पाढे म्हणणारी मुलं दारात येऊन बघायला लागली, तिने हाताने त्यांना आत पाठवलं.

चार वाजेपर्यंत निघायला हवं होतं. डबा कुणाकडे राहणार यावर फार बोलावं लागलं नाही. "शाला आमची, मंग पानी बदलायची पाली पन आमचीच," हिरा म्हणाली. तरी मला डबा तिच्या हातात देववेना. दोन दिवसांत सवय झाली होती. तिच्या घरी पाण्याच्या हंड्यांशेजारी एक फळी आहे, तिथे तिने पितळेचं घमेलं ठेवलं, हापशाचं पाणी भरलं. बाळकृष्ण हिरवा पडला होता. हिराने चिंचेचा कोळ घेतला आणि पाण्यातल्या पाण्यातच, त्याला वर न काढता, अंगठ्याने घासलं. लोण्याचा गोळा आधी चमकला, मग तोंड. लेकीला सासरी सोडून निघताना आई करते तशी मी उगाच दोनदा आत जाऊन बघून आले. फाट्यापर्यंत हिरा सोडायला आली. शाळेचं कळलं की फोन करीन म्हणाली.

कल्याणला गाडी वेळेवर आली. रात्रभर मला चांगली झोप लागली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा सासूबाई मेथी निवडत होत्या.

"कायच्यासाठी होता वं देव?"

मी सांगितलं. शाळेचं सांगितलं आणि हिराने सांगितलेलं आईचं बोलणंही सांगितलं. सासूबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.  मग म्हणाल्या, "खरं आहे तिचं. मीही श्याम आजारी होता तेव्हा नाही मागितलं. जीवच नाही धजला." श्याम म्हणजे माझा नवरा. ही गोष्ट त्याला आणि मला इतक्या वर्षांत माहीत नव्हती.

आमच्या देव्हाऱ्यातही एक बाळकृष्ण आहे. माझ्या लग्नात आईनेच दिलेला, तिच्याकडच्यासारखाच, थोडा लहान. त्याची पूजा पहिल्या दिवसापासून सासूबाई करतात. मी फक्त दिवाळीत त्याला घासून देते. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर मी त्याला उचललं, एका पातेल्यात पाणी घेतलं आणि आत ठेवलं. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पाणी तूच बदलायचं मंग. मी नाही." आईने जे धाडस केलं नाही ते मला करता आलं, असं कुणाला वाटेल. पण स्वतःसाठी मागायला मला कसलं धाडस लागणार? त्याने नाही म्हटलं तर माझी पूजा बंद पडणार नव्हती, कारण ती सुरूच नव्हती. आईला गमावण्यासारखं खूप होतं. तिने मला आणि त्याला, दोघांनाही सांभाळलं, एकाचं नाव दुसऱ्यापुढे न काढता. एवढं प्रेम मला तिच्या हयातीत दिसलं नाही, याचं दुःख आहे आणि ते राहील.

हिराचा फोन अजून आला नव्हता. मार्चमध्ये माझी तपासणी झाली. सगळं ठीक निघालं. रिपोर्ट घेऊन घरी आले तेव्हा सासूबाईंनी तो हातात घेतला, वाचता येत नसूनही उलटसुलट करून पाहिला, आणि आत जाऊन दुधाची वाटी आणि मधाची बाटली काढली. पातेल्याचं झाकण उघडून त्या माझी वाट बघत उभ्या राहिल्या.

"काढायचा ना आता?"

"नाही," मी म्हटलं. "तो शाळेसाठी आहे."